तारीख नसलेली पत्रकं : ब्रिटनच्या अण्वस्त्रविरोधी चळवळीच्या दप्तरांमागे

सोमवार, लंडन

लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या ग्रंथालयात शिरलं की मधोमध गोल फिरत वर जाणारा रुंद जिना दिसतो. परीक्षेच्या धास्तीने आलेली मुलं सगळीकडे पसरलेली असतात. जुने कागद बघायला आलेल्यांनी मुकाट्याने वर जायचं. कोट, पिशवी, पेन, पाण्याची बाटली लॉकरमध्ये. आत फक्त शिसपेन्सिल, लॅपटॉप आणि आवाज बंद केलेला फोन. खोकी आधीच ऑनलाइन मागवून ठेवायची, ती काउंटरवरून एकेक करून मिळतात. फोल्डरमधल्या कागदांचा क्रम हलवायचा नाही, ही पहिली ताकीद.

'कॅम्पेन फॉर न्यूक्लिअर डिसआर्मामेंट', म्हणजे सीएनडी, या संघटनेच्या दप्तराचा मोठा हिस्सा इथे आहे. अण्वस्त्रविरोधी चळवळीवर काही धड लिहायचं तर आधी मूळ कागद बघावेत, म्हणून हा प्रवास. ठळक इतिहास कुठेही मिळतो. २ नोव्हेंबर १९५७ ला 'न्यू स्टेट्समन' साप्ताहिकात लेखक जे. बी. प्रीस्टली यांचा ब्रिटनच्या अणुबॉम्बवर लेख आला, पत्रांचा पाऊस पडला, आणि १७ फेब्रुवारी १९५८ ला वेस्टमिन्स्टरच्या सेंट्रल हॉलमध्ये सुमारे ५,००० लोकांच्या सभेत सीएनडी जाहीर झाली. अध्यक्ष बर्ट्रांड रसेल, कार्याध्यक्ष सेंट पॉल्स कॅथीड्रलचे कॅनन, म्हणजे पाद्री, जॉन कॉलिन्स. हे सगळं माहीत करून घ्यायला खोकी उघडावी लागत नाहीत.

खोकी उघडली की भेटते पेगी डफ. या बाई १९५८ ते १९६७ संघटनेच्या सचिव होत्या आणि कारभार खऱ्या अर्थाने त्यांच्याच हातात होता. लंडन ते ऑल्डरमास्टन हा पहिला ईस्टर मोर्चा १९५८ चा, ५२ मैलांचा. तो 'डायरेक्ट ॲक्शन कमिटी' या छोट्या गटाने काढला होता. पुढच्या वर्षापासून सीएनडीने तो आपल्याकडे घेतला आणि दिशा उलटी केली: ऑल्डरमास्टनच्या अण्वस्त्र संशोधन केंद्राच्या दारातून निघायचं आणि राजधानीत ट्रफाल्गर चौकात पोचायचं. राजकीयदृष्ट्या हे शहाणपणाचं होतं, कारण गर्दी जिथे दिसायला हवी तिथेच शेवट होत होता. पण हजारो लोक चार दिवस चालणार म्हणजे रात्री झोपणार कुठे? शाळांचे हॉल, चर्चचे हॉल, सामान वाहणारे ट्रक, चहा, प्रथमोपचार, संडास. चळवळीच्या दप्तरात अणुबॉम्बपेक्षा संडासाची चर्चा जास्त सापडते, असं मी म्हटलं तर कुणाला ते हिणवणं वाटेल. मला ते कौतुक वाटतं. भाषणं सगळी एका साच्यातली, आज वाचताना कंटाळा येतो. हॉलचं भाडं कुणी भरायचं यावरून झालेला पत्रव्यवहार मात्र वाचत राहावासा वाटतो.

एक गोष्ट इथे लगेच कळते. संघटनेची सभासद यादी शोधायला जाल तर सुरुवातीच्या वर्षांची मिळणार नाही, कारण १९६६ पर्यंत वैयक्तिक सभासदत्वच नव्हतं. कुणीही यावं, चालावं, जावं. त्यामुळे चळवळीत माणसं किती होती हा साधा प्रश्न मोर्च्याच्या गर्दीवरून सोडवावा लागतो. गर्दीचे आकडे आयोजकांचे वेगळे आणि पोलिसांचे वेगळे, हे सगळीकडचंच.

दुसरी अडचण तारखेची. कार्यकर्ता पत्रक काढतो ते परवाच्या सभेसाठी. 'शनिवारी दुपारी अडीच वाजता' एवढं त्याला पुरतं, साल कोण लिहिणार? साठ वर्षांनी ते पत्रक हातात घेणाऱ्याने काय करायचं? युक्त्या असतात. किंमत शिलिंग आणि जुन्या पेन्सांत असेल तर पत्रक बहुधा १५ फेब्रुवारी १९७१ च्या आधीचं, कारण त्या दिवशी ब्रिटनने दशमान चलन घेतलं. लंडनच्या फोन नंबरात आकड्यांआधी एक्स्चेंजचं नाव असेल तर साठच्या दशकाच्या पुढे सहसा जायचं नाही. मोर्चा लंडनहून निघतोय की लंडनला येतोय, हेही बघायचं. आणि सगळ्यात भरवशाचा ईस्टर, कारण तो दरवर्षी हलतो. माझ्या हातातल्या सायक्लोस्टाईल कागदावर 'गुड फ्रायडे, १५ एप्रिल' एवढंच होतं. १९५८ चा गुड फ्रायडे ४ एप्रिलला, १९५९ चा २७ मार्चला, १९६१ चा ३१ मार्चला. १५ एप्रिलला आला तो १९६० मध्ये. समोरच्या टेबलावरच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी माझी बोटं मोजण्याची लगबग बघितली आणि आपल्या वहीच्या आतल्या कव्हरवर चिकटवलेला ईस्टरच्या तारखांचा तक्ता माझ्याकडे सरकवला. हे काम करणारे सगळेच असा तक्ता बाळगत असावेत.

संध्याकाळी सेंट पॉल्स कॅथीड्रलच्या बाजूच्या एमेन कोर्टपर्यंत चालत गेलो. कॅनन कॉलिन्स तिथे राहत आणि संघटनेची जुळवाजुळव त्यांच्या घरी झाली. बघण्यासारखं काही नाही, दार बंद होतं.

मंगळवार, क्यू

क्यू गार्डन्स स्टेशनवर उतरलेले बहुतेक जण बागेकडे वळतात. 'नॅशनल आर्काइव्ह्ज'ला जाणारे विरुद्ध बाजूला. काँक्रीटची थोराड इमारत, पुढे तळं. वाचकाचं कार्ड काढायला ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा लागतो. तुमचे कागद पारदर्शक पिशवीत असतात आणि बाहेर पडताना सुरक्षारक्षक प्रत्येक पान उलटून बघतो.

इथे सरकारची बाजू आहे: पंतप्रधानांचं कार्यालय, गृहखातं, संरक्षण खातं, पोलीस. आणि योगायोग असा की ज्या कायद्यामुळे हे कागद बघायला मिळतात तो 'पब्लिक रेकॉर्ड्‌स ॲक्ट'ही १९५८ चाच. तेव्हा सरकारी फाइल उघडायला ५० वर्षं थांबावं लागे. १९६७ च्या दुरुस्तीने ती मुदत ३० वर्षांवर आली आणि २०१० च्या कायद्यानंतर टप्प्याटप्प्याने २० वर. तरीही काही फायली खात्याकडेच राहतात आणि काहींतली पानं काढून घेतलेली असतात. गुप्तचर खातं एमआय-५ तर आपल्या फायली आपल्या मर्जीने आणि सवडीने देतं.

सरकारी फाइल हातात घेतली की पहिला विचार येतो तो नीटनेटकेपणाचा. प्रत्येक कागदावर तारीख, सही, शिक्का, कुणाकडून कुणाकडे. काल दिवसभर सालासाठी बोटं मोजली आणि इथे तासवेळेसकट नोंद. चळवळीचा कालक्रम लावायला चळवळीच्या विरोधकांची फाइल जास्त उपयोगी पडते, हे सत्य काही गोड नाही. पण त्या नीटनेटकेपणाने हुरळून जाऊ नये. फाइलला कोण आलं हे कळतं, का आलं हे कळत नाही. आणि जिथे कळल्यासारखं वाटतं तिथे लिहिणाऱ्याचा संशय बोलत असतो.

१९६०च्या दशकाच्या सुरुवातीचे कागद सगळ्यात रंगतदार. सीएनडी सनदशीर मार्गाने जातेय, असं वाटून रसेल यांनी १९६० मध्ये अध्यक्षपद सोडलं आणि 'कमिटी ऑफ हंड्रेड' उभी राहिली: शंभर जणांनी नावं द्यायची आणि रस्त्यावर बसायचं. सप्टेंबर १९६१ मध्ये ट्रफाल्गर चौकात एका दिवसात तेराशेहून जास्त लोकांना अटक झाली. त्याआधीच ८९ वर्षांच्या रसेलना आठवडाभरासाठी ब्रिक्स्टन तुरुंगात पाठवलेलं होतं. डिसेंबरमध्ये एसेक्समधल्या वेदर्सफील्ड हवाई तळावर आंदोलन ठरलं आणि सहा संघटकांवर थेट 'ऑफिशियल सिक्रेट्स ॲक्ट'खाली खटला भरला गेला. हेरांसाठीचा कायदा, तोही १९११ चा. पॅट पॉटल यांनी वकील न घेता स्वतःच उलटतपासणी केली. कोट्यवधी माणसं मरतील हे ठाऊक असताना बटण दाबाल का, असं त्यांनी साक्षीला आलेल्या हवाई दलाच्या अधिकाऱ्याला विचारलं. परिस्थितीने तशी गरज पडली तर दाबेन, असं उत्तर आलं. पाच पुरुषांना १८ महिने आणि हेलन अलेग्रांझा यांना १२ महिने शिक्षा झाली. हाउस ऑफ लॉर्ड्‌सनेही अपील फेटाळलं (तेव्हा तेच सर्वोच्च न्यायालय होतं): देशाच्या संरक्षणाला काय हवं हे सरकारने ठरवायचं, त्यावर न्यायालयात वाद नको. अण्वस्त्रांवर ब्रिटिश न्यायालयात खुली चर्चा व्हायची जी एक संधी होती ती अशी बंद झाली.

१९६३ चं 'स्पाइज फॉर पीस' प्रकरण याच्या नेमकं उलट. काही जणांनी रेडिंगजवळच्या वॉरन रो इथे गुप्त सरकारी तळघर हुडकलं. अणुयुद्ध झालंच तर त्या भागाचा कारभार तिथून चालायचा होता, जनता वर राहणार होती. त्यांनी कागदांचे फोटो काढले, पुस्तिका छापली, टपालाने पाठवली. ईस्टर मोर्च्यात ती हातोहात फिरली आणि कित्येक जण वाट वाकडी करून ते तळघर बघायला गेले. पोलिसांनी जंग जंग पछाडलं, कुणावरही आरोप ठेवता आला नाही. निकोलस वॉल्टर त्यांच्यात होते हे २००० साली त्यांच्या मृत्यूनंतर त्यांच्या मुलीने सांगितलं. पुरावे नष्ट करून टंकयंत्रसुद्धा नदीत टाकून दिलेलं. आता संशोधकाची पंचाईत बघा. चळवळीतल्या सगळ्यात यशस्वी गटाने त्या पुस्तिकेपलीकडे स्वतःचे फारसे कागद मागे ठेवले नाहीत. त्यांच्याबद्दल जे लेखी आहे त्यातलं बरंचसं त्यांना पकडू न शकलेल्यांनी लिहिलेलं.

१९८० च्या दशकासाठी क्यू एवढं मनमोकळं नाही. संरक्षणमंत्री मायकल हेसल्टाइन यांनी १९८३ मध्ये सीएनडीच्या प्रचाराला उत्तर द्यायला 'डीएस-१९' नावाचा खास विभाग काढला. १९८५ मध्ये एमआय-५ सोडलेल्या कॅथी मॅसिटर यांनी चॅनल फोरवर सीएनडीवरच्या पाळतीची हकीकत सांगितली. आणि अलीकडे, पोलिसांच्या छुप्या हेरगिरीची जी सार्वजनिक चौकशी चालू आहे तिने त्या काळातले पोलिसांचे गुप्त अहवाल खुले केलेत. त्यासाठी क्यूला यायची गरज नाही, ते घरबसल्या वाचता येतात. नावं काळी केलेली, पण सभेत कोण काय म्हणालं ते शब्दाला शब्द.

बुधवार, कोव्हेंट्री

वॉरिक विद्यापीठ वॉरिक गावात नाही, कोव्हेंट्रीच्या कडेला आहे. स्टेशनवरून बस. इथल्या 'मॉडर्न रेकॉर्ड्‌स सेंटर'मध्ये कामगार संघटनांची दप्तरं आहेत आणि सीएनडीच्या कागदांचा दुसरा मोठा साठाही. एकाच संघटनेचे कागद असे दोन शहरांत विभागलेले. दोन्हीकडच्या सूच्या शेजारी ठेवून वाचल्याशिवाय काय कुठे आहे ते कळत नाही.

इथे यायचं ते कामगार चळवळीच्या बाजूसाठी. १९६० च्या स्कारबरोच्या अधिवेशनात मजूर पक्षाने एकतर्फी अण्वस्त्रत्यागाचा ठराव मंजूर केला. पक्षाचा नेता ह्यू गेट्स्केल विरोधात असताना! हे घडलं ते कामगार संघटनांच्या गठ्ठा मतांवर, वाहतूक कामगारांचे पुढारी फ्रँक कझिन्स त्यात पुढे. त्या संघटनेचं दप्तर याच इमारतीत आहे. पुढच्याच वर्षी ब्लॅकपूलला ठराव उलटला. दोन अधिवेशनांच्या मधल्या बारा महिन्यांत शाखाशाखांतून काय काय फिरलं ते इथे नीट दिसतं. मला अर्धा दिवस पुरला, खरं तर आठवडा द्यायला हवा.

गुरुवार, ब्रॅडफर्ड

या सगळ्या प्रवासात पुन्हा जायचं झालं तर मी ब्रॅडफर्डला जाईन.

ज्यांच्या लेखाने ठिणगी पडली ते प्रीस्टली ब्रॅडफर्डचे. इथल्या विद्यापीठाच्या ग्रंथालयाला त्यांचं नाव आहे. त्यांचे आणि त्यांच्या पत्नी, पुरातत्त्वज्ञ जॅकेटा हॉक्स यांचेही कागद इथेच. हॉक्स स्वतः सीएनडीच्या संस्थापकांपैकी, पण उल्लेख बहुतेक वेळा नवऱ्यामागून येतो. याच विद्यापीठात १९७३ साली क्वेकर या युद्धविरोधी ख्रिस्ती पंथातले विचारवंत ॲडम कर्ल यांच्या हाताखाली शांतता अध्ययन विभाग निघाला. आणि ग्रंथालयाच्या आत 'कॉमनवील' नावाचं एक वेगळंच, स्वतंत्र ग्रंथालय आहे. डेव्हिड हॉगेट नावाचे एक शांततावादी होते. अपघाताने त्यांना अंथरुणाला खिळवलं. त्यांनी घरातून, टपालाने, अहिंसेवरची पुस्तकं वाचायला पाठवायला सुरुवात केली. तो संग्रह १९७५ च्या सुमारास ब्रॅडफर्डला आला आणि चळवळीतले लोक आपापले कागद तिथे देत गेले.

त्यामुळे इथल्या खोक्यांचा वास वेगळा. लंडनमध्ये संघटनेची कचेरी दिसते, इथे माणसांची घरं. 'पीस न्यूज' या साप्ताहिकाचे संपादक ह्यू ब्रॉक यांचे कागद आहेत, 'डायरेक्ट ॲक्शन कमिटी'चं दप्तर आहे. आणि सीएनडीच्याही आधीचा एक धागा आहे जो मराठी वाचकाने मुद्दाम बघावा. १९५१ च्या सुमारास ब्रिटनमधल्या काही शांततावाद्यांनी एक गट काढला. नाव 'ऑपरेशन गांधी'. जानेवारी १९५२ मध्ये ही मूठभर माणसं लंडनच्या युद्ध कचेरीसमोर बसली. बसण्याआधी पोलिसांना रीतसर कळवून. अटक झाली, दंड झाला. त्याच वर्षी ते ऑल्डरमास्टनलाही जाऊन आले, म्हणजे प्रसिद्ध मोर्च्याच्या सहा वर्षं आधी. तिथे नेमकं काय चालतं हे तेव्हा फार कुणाला ठाऊकही नव्हतं. ब्रॉक त्यात होते. गांधींचं नाव घेऊन बसलेल्या त्या मंडळींकडून 'डायरेक्ट ॲक्शन कमिटी' आणि तिच्याकडून 'कमिटी ऑफ हंड्रेड' असा सरळ वंश लागतो. चळवळीच्या इतिहासात सेंट्रल हॉलच्या सभेला मिळतं तेवढं महत्त्व मी तरी युद्ध कचेरीसमोरच्या या बैठकीला देईन.

'डायरेक्ट ॲक्शन'च्या कागदांत १९५९ च्या सहारा मोहिमेचाही पत्रव्यवहार येतो. फ्रान्स सहारात अणुचाचणी करणार, तर तिथे जाऊन बसायचं. पाद्री मायकल स्कॉट, अमेरिकेतले बेयार्ड रस्टिन, तरुण मायकल रँडल आणि घानातले कार्यकर्ते अक्राहून गाड्या घेऊन निघाले. फ्रेंच वसाहतीच्या हद्दीवर त्यांना अडवलं गेलं. १३ फेब्रुवारी १९६० ला चाचणी झालीच. शीतयुद्धाच्या पुस्तकांत ही मोहीम तळटीपेपुरती असते. पण नव्याने स्वतंत्र झालेल्या आफ्रिकी देशांना ही चळवळ युरोपचं अंतर्गत भांडण वाटत नव्हती, हे त्या कागदांवरून लख्ख कळतं.

दुपारी एक फोल्डर आलं त्यात टाचणीचा गंज कागदात इतका उतरला होता की टाचणी काढल्यावरही तिचा तपकिरी ठसा तीन पानांवर जसाच्या तसा होता. काउंटरवरच्या बाईंनी प्लॅस्टिकची पातळ पट्टी खाली सरकवून गंजलेली स्टेपलरची पिन कशी सोडवायची तेही दाखवलं. पिनेचं डोकं धरून ओढायचं नाही, आधी मागचे पाय सरळ करायचे. सायक्लोस्टाईलचा कागद खरबरीत, शाई शोषणारा, म्हणून अक्षरं फुगलेली पण अजून काळीभोर. खरी काळजी १९८० च्या दशकातल्या फॅक्सची. तो चकचकीत कागद हळूहळू कोरा होत जातो. वेळीच झेरॉक्स काढलेली नसेल तर १९५८ चा कागद वाचता येईल आणि १९८८ चा येणार नाही.

आणि अर्थात ते चिन्ह. जेराल्ड होल्टम हे रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये शिकलेले कलाकार, युद्धकाळात सैन्यभरती नाकारलेले. त्यांनी फेब्रुवारी १९५८ मध्ये पहिल्या मोर्च्यासाठी वर्तुळातली ती खूण काढली. झेंड्यांच्या सिग्नल लिपीतली एन आणि डी ही अक्षरं एकमेकांवर ठेवून. त्यांची मूळ रेखाटनं कॉमनवीलच्या संग्रहातली. मी स्क्रीनवर मोठी करून बघितली. शांततेची खूण म्हणून आपण टी-शर्टांवर बघतो तेवढी ती सफाईदार नाही. होल्टमनी नंतर ब्रॉकना लिहिलेल्या पत्रात दुसरंच मूळ सांगितलं आहे: आपण तेव्हा घोर निराशेत होतो, हात खाली पसरून उभा असलेला हताश माणूस म्हणून स्वतःलाच काढलं, गोयाच्या चित्रातल्या बंदुकांसमोरच्या शेतकऱ्यासारखं. आता गोयाचं '३ मे १८०८' काढून बघा. त्या माणसाचे हात वर आहेत! होल्टमच्या आठवणीत ते खाली आले. पत्र खरं, आठवण खरी, तपशील चुकीचा. चळवळीतल्या माणसांची आत्मकथनं वाचताना हे एक उदाहरण डोक्यात ठेवलं तरी पुष्कळ झालं.

शुक्रवार, सॉल्टेअर

ब्रॅडफर्डच्या फॉर्स्टर स्क्वेअर स्टेशनवरून थोड्याच मिनिटांत सॉल्टेअर. टायटस सॉल्टने १८५३ मध्ये उघडलेली कापडगिरणी आणि तिच्याभोवती त्याने वसवलेलं कामगारांचं गाव. ब्रॅडफर्डचं 'पीस म्युझियम' २०२४ मध्ये या गिरणीत आलं. कागद सोडून वस्तू बघायला ही जागा. बिल्ले, फलक, बॅनर.

पहिल्या मोर्च्याच्या बिल्ल्यांची गोष्ट मला फार आवडते. सीएनडीच्या केन्सिंग्टन शाखेतले एरिक ऑस्टिन यांनी ते पांढऱ्या मातीचे करून भाजले आणि काळ्या रंगात खूण रंगवली. सोबत चिठ्ठी: अणुयुद्ध झालंच तर माणसाने केलेल्या ज्या थोड्या वस्तू आगीतून वाचतील त्यांत हा भाजलेला बिल्ला असेल. फलकांचेही दोन रंग होते. गुड फ्रायडे आणि शनिवारी पांढऱ्यावर काळं, ईस्टरच्या रविवारपासून हिरव्यावर पांढरं. चर्चच्या ऋतूंप्रमाणे. कृष्णधवल फोटोंमध्ये हे कधी लक्षात येत नाही.

बॅनर बघायचे तर थालिया कॅम्पबेल यांचे. कापडाचे तुकडे शिवून केलेले, भडक रंगांचे, विनोदी. कापड जपणं कागदापेक्षा कटकटीचं, उजेडाने रंग उडतात, घड्यांवर फाटतं. मोर्च्यात पावसात भिजलेला बॅनर धुवायचा नाही, तो चिखलही पुरावाच.

शनिवार, ग्रीनहॅम

न्यूबरी स्टेशनवरून चालत गेलो. उघडं माळरान, पिवळं झुडूप, कुत्री फिरवणारी माणसं. मधेच रुंद धावपट्टीच्या खुणा. १९८३ च्या नोव्हेंबरमध्ये इथल्या अमेरिकी तळावर क्रूझ क्षेपणास्त्रं आली, एकूण ९६ ठेवायची होती. त्याच्या दोन वर्षं आधी, ५ सप्टेंबर १९८१ ला, कार्डिफहून निघालेल्या ३६ बायका काही मुलं आणि चार पुरुषांसह चालत इथे पोचल्या. वाटेत वर्तमानपत्रांनी फारसं विचारलं नाही, म्हणून चौघींनी स्वतःला कुंपणाला साखळदंडाने बांधून घेतलं. मग मुक्काम वाढत गेला. शेवटची क्षेपणास्त्रं मार्च १९९१ मध्ये गेली, छावणी मात्र २००० सालापर्यंत होती.

क्षेपणास्त्रांच्या सहा कोठारांचे गवताळ ढिगारे अजून तारेच्या कुंपणाआड आहेत. ती संरक्षित वास्तू आहे आता. जुन्या कंट्रोल टॉवरमध्ये स्वयंसेवक माहिती सांगतात आणि चहा मिळतो.

इथे उभं राहिल्यावर एका खटल्याचा अर्थ नीट कळला. तळात शिरणाऱ्या बायकांना पकडता यावं म्हणून सरकारने १९८५ मध्ये उपविधी, म्हणजे तळापुरते नियम, केले. जीन हचिन्सन आणि जॉर्जिना स्मिथ या दोघींनी ते न्यायालयात आव्हानले, मुद्दा शांततेचा न करता गायरानाचा करून. ही जमीन सामायिक चराईची, गावकऱ्यांचे हक्क तिच्यावर शतकानुशतकं आहेत, आणि ते हक्क बाधित होतील असे उपविधी मूळ कायद्यात बसत नाहीत. १९९० मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्‌सने हे मान्य केलं. वेदर्सफील्डच्या खटल्यात जे दार बंद झालं होतं तिथे धडका न मारता या दोघी मागच्या दाराने, गुराढोरांच्या वाटेने आत शिरल्या. चळवळीचा इतिहास लिहायला जमिनीचे जुने दस्तऐवजही लागतात ते असे.

रविवार

रुळांच्या दुरुस्तीमुळे अर्धा प्रवास बसने. कार्डिफ. पाऊस.

मंगळवार, कार्डिफ

'ग्लॅमॉर्गन आर्काइव्ह्ज' लेकविथ भागात, फुटबॉल स्टेडियमच्या शेजारी. मोर्चा काढणाऱ्या 'विमेन फॉर लाइफ ऑन अर्थ' या गटाचे कागद इथे आहेत. २७ ऑगस्ट १९८१ ला मोर्चा याच शहरातून निघाला. कल्पना ॲन पेटिट यांची. पश्चिम वेल्समध्ये छोटी शेती करणारी बाई, कुठल्याही मोठ्या संघटनेची पदाधिकारी नव्हे.

या संग्रहाचा जीव पत्रांत आहे. १२ डिसेंबर १९८२ ला सुमारे ३०,००० बायकांनी हातात हात धरून तळाच्या नऊ मैलांच्या कुंपणाला वेढा घातला. हे जमवलं साखळीपत्राने: हे पत्र उतरवून घे आणि आणखी दहा जणींना पाठव. ना फोनची यादी, ना संघटनेचा शिक्का. आर्काइव्हच्या दृष्टीने ही मोठी गमतीची चीज. मूळ प्रत कुठली? प्रत्येक प्रत मूळच, आणि प्रत्येकीने उतरवताना काहीतरी गाळलेलं किंवा घातलेलं. दोन प्रती शेजारी ठेवल्या तर कोण कशाला घाबरत होतं आणि कशाने चिडलं होतं, याचा अंदाज फरकांतून येतो. लंडनच्या 'विमेन्स लायब्ररी'तल्या ग्रीनहॅमच्या कागदांतही हेच. सीएनडीच्या इतिवृत्तांची शिस्त इथे शोधायला जाऊ नये. छावणीने मुद्दामच पदाधिकारी ठेवले नाहीत, म्हणून इतिवृत्तंही नाहीत. कुणी बाई छावणीला पैसे पाठवताना चार ओळी लिहिते, त्यात मुलांची शाळा, नवऱ्याची कुरकुर, रात्री झोप न येणं, सगळं येतं. 'का आलं' हा क्यूच्या फायलींतून सुटलेला प्रश्न इथे पत्रागणिक सुटतो.

दुपारी फोटोंच्या परवानगीचा फॉर्म भरला. स्वतःच्या अभ्यासासाठी फोटो काढायला हरकत नाही. छापायचं म्हटलं की प्रकरण वेगळं. पत्राचा कागद आर्काइव्हच्या ताब्यात असला तरी मजकुराचा हक्क लिहिणारीचा आणि तिच्या वारसांचा. कायद्याप्रमाणे १९६९ च्या आधी वारलेल्या व्यक्तीचं अप्रकाशित लिखाणसुद्धा सर्वसाधारणपणे २०३९ च्या अखेरीपर्यंत हक्काखाली राहतं. ही पत्रं तर त्यापुढची. हक्कदार सापडत नसेल तर सरकारकडून खास परवाना घेता येतो, पण त्याआधी शोध घेतल्याचं दाखवावं लागतं. नुसत्या पहिल्या नावाने सही केलेल्या बाईचा शोध कुठे घ्यायचा? गंमत म्हणजे होल्टमचं चिन्ह मुद्दामच कधी नोंदवलं गेलं नाही, ते कुणीही कशावरही छापावं. काउंटरवरचे गृहस्थ म्हणाले, गोषवारा द्या, वाक्यं देऊ नका, नाव आणि गाव तर मुळीच नको. त्यामुळे या पत्रांतली एकही ओळ मी इथे उतरवलेली नाही.